चाळिशीत घोडेस्वारी शिकताना दुडकीवर अडले आहे, मार्गदर्शन हवे

दौंडची नात

नमस्कार. माझे वय ४१ असून मी पुण्यात पाषाणला राहते. माझे आजोबा दौंड तालुक्यात शेती करीत आणि त्यांच्याकडे एक भीमथडी तट्टू होते. आठवडी बाजाराला ते त्याच्यावरूनच जात. लहानपणी मला पुढ्यात बसवून ते ओढ्यापर्यंत नेत असत, आणि आपणही कधीतरी स्वतः लगाम धरून रपेट मारायची, हे तेव्हापासून मनात होते. नोकरी आणि मुलांच्या शाळा यांत ते राहून गेले. यंदा दिवाळीनंतर शहराबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये नाव घातले.

दर रविवारी सकाळी पाऊण तास, असे सहा वर्ग झाले आहेत. पहिल्या तीन वर्गांत घोडा नुसता चालत होता, तेव्हा सारे सुरळीत होते. चौथ्या वर्गापासून दुडकी (ट्रॉट), म्हणजे उसळत धावण्याची चाल, सुरू झाली आणि मी तिथेच अडले. घोडा दुडक्या चालीने निघाला की मी खोगिरावर दाणदाण आपटते, रिकिबी पायांतून निसटतात, आणि तोल सावरायला हात आपोआप लगाम ओढतात. लगाम ओढला की घोडा मान वर फेकतो आणि थांबण्याऐवजी वेग वाढवतो, हे मला सर्वांत न उमगलेले आहे.

सहाव्या वर्गात, दुडकी जमत नसतानाच, शिक्षकांनी मला काही न सांगता मागून जिभेने टॉक-टॉक असा आवाज केला आणि घोडा कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीला, लागला. पुढच्याच वळणावर माझी बाहेरच्या बाजूची रिकीब सुटली आणि मी उजव्या खांद्यावर पडले. खाली वाळू होती म्हणून हाड मोडले नाही, पण पुढचे तीन आठवडे मला वेणी घालण्यासाठी हात मागे नेता येत नव्हता. "तुम्ही घाबरता, घोड्याला ते बरोबर कळते, म्हणून तो ऐकत नाही," असे शिक्षक म्हणाले. खांद्याचे दुखणे गेले; ते वाक्य मात्र अजून मनातून गेलेले नाही.

मला शिकणे सोडायचे नाही. सहा वर्गांत कँटर ही गती योग्य आहे का? दुडकीवर बसायचे कसे? माझे वजन ६८ किलो आहे, त्याचा घोड्याला त्रास होत असेल का? आणि जागा बदलायची झाल्यास चांगली जागा ओळखायची कशी? आणखी एक विचारते: आजोबांचे खोगीर आमच्या माळ्यावर आहे. ते दुरुस्त करून वापरता येईल का?

जुना बारगीर

ताई, मी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्र असताना घोड्यावर बसायला शिकलो आणि सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मुलांना व मोठ्यांना शिकवले. आपले वर्णन वाचून पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगतो: चूक आपली नाही. ज्या स्वाराची दुडकीवर मांड बसलेली नाही, त्याला न विचारता त्याच्या घोड्याला कँटरवर घालणे हा शिकवणाऱ्याचा दोष आहे. पडणे घोडेस्वारीत चुकत नाही, पण पाडवून घेणे हा अभ्यासक्रमाचा भाग नाही.

आता दुडकीबद्दल, कारण आपला खरा प्रश्न तिथेच आहे. घोडा चालतो तेव्हा त्याचे चार पाय चार वेगवेगळ्या ठोक्यांवर पडतात, त्यामुळे पाठ लाटेसारखी हलते आणि स्वाराला फारसे काही करावे लागत नाही. दुडकीत मात्र तिरपी जोडी एकदम पडते, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा एकत्र. या दोन ठोक्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय हवेत असतात. त्या क्षणी घोड्याची पाठ वर येते, आपण वर फेकले जातो, आणि आपण खाली येत असताना पाठ पुन्हा वर येत असते. आपण आपटता ते यामुळे. कँटर तीन ठोक्यांची चाल असून ती झुल्यासारखी असते, म्हणून काही शिक्षक "दुडकीपेक्षा कँटर सोपा" असे सांगून विद्यार्थ्याला पुढे ढकलतात. बसायला तो सोपा वाटतो हे खरे आहे, पण वळणावर किंवा घोडा बिचकला तर सावरणारी मांड दुडकीवरच तयार होते.

नवशिक्या माणसाने आधी उठती दुडकी शिकावी. एका ठोक्याला खोगिरावरून किंचित उठायचे, दुसऱ्याला हलकेच बसायचे. पायांवर उभे राहायचे नाही. घोड्याची पाठच आपल्याला वर देते, ती देणगी घ्यायची आणि बोटभर पुढे सरकून परत यायचे. वर्तुळात फिरताना बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जातो तेव्हा उठावे आणि तो मागे येतो तेव्हा बसावे. मोठ्याने "एक-दोन, एक-दोन" मोजावे, कारण मोजताना श्वास कोंडून ठेवता येत नाही, आणि नवशिका घट्ट होतो त्याचे अर्धे कारण कोंडलेला श्वास हेच असते.

पण हे शिकताना हातांत लगाम नसावा. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शिक्षकाने घोडा लंजच्या लांब दोरीवर धरून आपल्याभोवती वर्तुळात फिरवावा, वेग आणि दिशा त्याने सांभाळावी, आणि स्वाराने फक्त बसावे. हात आधी कमरेवर, मग आडवे पसरून, मग एक हात डोक्यावर. आम्हाला प्रबोधिनीत रिकिबीसुद्धा काढून घेऊन फिरवत. मांड्या रात्री इतक्या दुखत की जिना उतरताना कठड्याला धरावे लागे, पण काही आठवड्यांनी कमरेखालचे शरीर घोड्याचे आणि कमरेवरचे आपले, अशी वाटणी आपोआप झाली. चाळिशीत रिकिबीविना इतका वेळ काढू नका; एका वर्गात चार-पाच मिनिटे पुरेशी आहेत. तोल जाईल अशी भीती वाटली तर घोड्याच्या गळ्याभोवती एक साधा पट्टा बांधून घ्यावा आणि तो धरावा. आयाळ धरली तरी चालते.

लगाम आधारासाठी का धरायचा नाही, ते घोड्याच्या तोंडात पाहिल्यावर समजते. त्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तिथे हाडावर हिरडीचा अगदी पातळ थर असतो, आणि लगामाची लोखंडी दांडी, जिला आपण बिट म्हणतो, ती त्याच जागी बसते. आपण तोल सावरायला ६८ किलोंचा झोक लगामावर टाकता तेव्हा तो त्या जागेवर पडतो. मान वर फेकून घोडा त्या वेदनेतून सुटायचा प्रयत्न करतो. गर्दीचा रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात आपण जसा धरतो, सुटणार नाही आणि दुखणारही नाही असा, तसा लगाम धरावा.

आणि वेग का वाढतो? आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुष्कळ असतात. पुण्यात तर १८३० पासून रेसकोर्स आहे. शर्यतीच्या घोड्याला बिटवर रेलून धावायची सवय लागलेली असते, आणि जॉकीने लगाम आवळून धरला की तो त्या आधारावर आणखी जोर करतो. आपण "थांब" म्हणून सतत ओढत राहिलात आणि त्याला कदाचित "पळ" असे ऐकू आले असेल. अशा घोड्याला थांबवायचे तर खोलवर बसावे, पाठ ताठ करावी, श्वास सोडावा, लगाम क्षणभर आवळून लगेच ढिला करावा आणि पुन्हा तेच करावे. सलग ओढू नये.

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून शिस्तबद्ध चाली करवून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत आपल्याला ४१ वर्षांनी सुवर्ण मिळाले. त्या फेऱ्यांची चित्रफीत सवडीने पाहा आणि घोड्याकडे न पाहता स्वाराच्या कमरेकडे व कोपरांकडे पाहा. स्वार काही करतो आहे असे दिसतच नाही. ती स्तब्धता दुडकीवर वर्षानुवर्षे बसून आलेली असते.

अश्ववैद्य

मी पशुवैद्यक आहे आणि पुणे परिसरातील अनेक तबेल्यांत माझे जाणे-येणे असते. वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत असून घोड्याच्या बाजूने काही लिहितो.

वजनाची काळजी आपण केलीत याचा आनंद वाटला, कारण हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. खोगीर व इतर सामान धरून घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत भार त्याच्यावर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ४५० किलोंच्या निरोगी घोड्यासाठी हे ९० किलो होतात. आपले ६८ आणि खोगिराचे आठ-दहा किलो धरले तरी आपण त्या मर्यादेत आहात. मात्र ६८ किलोंचा तोल न सांभाळणारा स्वार पाठीला जितका जड पडतो, तितका ८० किलोंचा सांभाळून बसणारा पडत नाही. चढताना जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन लटकण्याऐवजी ओट्यावर किंवा स्टुलावर उभे राहून चढावे. घोड्याच्या पाठीचा पीळ वाचतो आणि खोगीरही एका बाजूला सरकत नाही.

"घोड्याला भीती कळते" हे वाक्य अर्धे खरे आहे. माणूस ताणात असला की त्याच्यासोबतच्या घोड्याच्या हृदयाचे ठोकेही वाढतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. भ्यालेल्या माणसाला वेगात घातले तर एकाच्या जागी दोन भ्यालेले जीव रिंगणात होतात. घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. शंका आली की आधी पळायचे आणि मग पाहायचे, हीच त्याची घडण आहे. त्यात दुष्टपणा नसतो.

चांगली जागा ओळखण्यासाठी वर्गाच्या वेळेआधी अर्धा तास जावे आणि खोगीर चढवण्यापूर्वी घोडे पाहावेत. मान संपून पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. गडद रंगाच्या घोड्याच्या त्या उंचवट्यावर किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे कधीतरी न बसणाऱ्या खोगिराने जखम केलेली आहे असे समजावे. एखाद्या घोड्यावर जुनी खूण असेल तर ती आधीच्या मालकाकडची असू शकते. सगळ्याच घोड्यांवर असेल तर तिथे नाव घालू नये. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, जिथे आवळतात तिथली, म्हणजे पुढच्या पायांच्या मागची कातडी सोललेली नाही ना, ओठांचे कोपरे फाटलेले नाहीत ना, खूर वाढून नाल बाहेर आलेले नाहीत ना, हे पाहावे. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. पाण्याची बादली भरलेली आहे का आणि समोर वैरण आहे का, ते पाहावे. "एक घोडा दिवसात किती तास काम करतो?" असा प्रश्न विचारून उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी दहानंतरही वर्ग चालू ठेवणाऱ्या जागा मी टाळायला सांगेन.

शिवाय त्या तबेल्यात आपल्याला खरारा करू देतात का, हे विचारा. घोड्याशी ओळख खोगिरावर होत नाही, ती खाली होते. त्याच्या अगदी नाकासमोर आणि थेट शेपटीमागे त्याला दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जावे. मानेवरून खरारा फिरवायला सुरुवात करून पाठीपर्यंत यावे आणि एक हात कायम त्याच्या अंगावर ठेवावा, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळत राहते. कान आपल्या दिशेला सैल वळले असतील तर तो ऐकतो आहे. मागे चपटे दाबले असतील तर त्याला जागा द्यावी. दोरी कधीही हाताभोवती गुंडाळू नये. आणि धनुर्वाताची लस घेतलेली नसेल तर ती आधी घ्या, कारण तबेल्याच्या मातीत त्याचे जिवाणू असतात आणि लहानशा खरचटण्यातूनही धोका संभवतो.

आता आजोबांचे खोगीर. ते वापरू नका. जुने चामडे वरून तेल लावून मऊ दिसले तरी शिवणीत आणि तंगाच्या वाद्यांत आतून सुकलेले असते, आणि तंग भर दुडकीत तुटला तर स्वार खोगिरासह खाली येतो. दुसरे असे की खोगीर ज्या पाठीसाठी बनवले त्या पाठीलाच बसते. भीमथडी तट्टाची उंची सरासरी १३० सेंटीमीटरच्या आसपास असते. त्याच्या मापाचे खोगीर उंच थरोब्रेडच्या पाठीवर चुकीच्या जागी दाबेल आणि मी वर सांगितलेले पांढरे ठिपके उमटतील. आपल्या आजोबांचे तट्टू मात्र भाग्याचे म्हणायला हवे. भीमेच्या काठची ही काटक जात मराठ्यांच्या फौजांनी वापरली, पुढे ती विस्मृतीत गेली, धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर टिकून राहिली, आणि अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद झाली आहे.

रविवारची रपेट

मी वयाच्या ४६व्या वर्षी शिकायला सुरुवात केली आणि आता तीन वर्षे झाली, म्हणून वयाबद्दल निश्चिंत राहा. मला उठती दुडकी जमायला अकरा वर्ग लागले आणि कँटर पहिल्यांदा सातव्या महिन्यात केला. माझ्या शिक्षिका म्हणत, "घाई असेल तर रिक्षाने जा." तेव्हा राग येई, पण आज त्यांचे आभार मानतो.

घरी करण्यासारखे दोन व्यायाम लिहितो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवड्यांवर उभे राहून टाचा हळूहळू खाली सोडाव्यात आणि मिनिटभर तसेच राहावे. रिकिबीत पाय असाच असायला हवा, चवडा आत आणि टाच खाली. टाच वर गेली की गुडघा घट्ट होतो आणि रिकीब सुटते. आपली सुटली तीही बहुधा अशीच. दुसरा व्यायाम म्हणजे बद्धकोनासन, तळवे एकमेकांना जोडून गुडघे बाहेर सोडून बसायचे. आपल्यापैकी ज्यांचे जमिनीवर मांडी घालून बसणे सुटले आहे, त्यांचे कमरेचे सांधे आखडलेले असतात आणि मग ते मांड्या पसरून बसण्याऐवजी गुडघ्यांनी चिमटा घेऊन बसतात. रोज जेवताना खाली बसायला लागल्यावर मला महिन्याभरात फरक जाणवला.

हेल्मेट घोडेस्वारीसाठीच बनवलेले घ्यावे, दुचाकीचे किंवा क्रिकेटचे नको. आपण पडलात तेव्हा डोके आपटले असेल तर ते हेल्मेट बदला, वरून तडा दिसत नसला तरीही. बुटाला इंचभर टाच असावी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. जाड नक्षीच्या तळव्याचे स्पोर्ट्स शूज अडकतात, ते टाळावेत. रिकीब बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद असावी. आपण जूनमध्ये शिकणे थांबवणार नसाल तर जागा निवडताना छताखाली रिंगण आहे का, हे विचारून घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या रिंगणातली वाळू चिखल होते आणि वर्ग आठवडेच्या आठवडे बंद राहतात. माझे पहिले वर्ष त्यातच गेले.

आणि माथेरानला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी घोड्यावर बसून आलेल्या लोकांचे "त्यात काय एवढे" ऐकू नका. तिथे घोडा घोडेवाल्याचे ऐकतो, स्वाराचे नव्हे.

दौंडची नात

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

दुसऱ्या एका जागी गेले आणि सांगितल्याप्रमाणे अर्धा तास आधी पोहोचले. सहा घोडे पाहिले. एका तपकिरी घोडीच्या पाठीच्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका होता. मी काही विचारण्याआधीच सईस म्हणाला, "ती आमच्याकडे आली तेव्हाच होता, तिचं खोगीर वेगळं आहे, दुसऱ्याचं घालत नाही." त्या एका वाक्यावर मी नाव घातले. तिचाच खरारा मला करायला दिला. मानेच्या खालच्या बाजूला खरारा फिरवला की तिचा खालचा ओठ लोंबतो आणि डोळे अर्धे मिटतात, हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले.

शिक्षकांना मागची सारी हकीकत सांगितली. त्यांनी लगामाच्या वाद्यांना गाठ मारून त्या घोडीच्या मानेवर ठेवून दिल्या, गळ्यात पट्टा बांधला आणि लंजवर घेतले. पहिली दहा मिनिटे पूर्वीसारखीच आपटत होते. मग मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता, कधी ते नेमके सांगता येणार नाही, पण सात-आठ पावले अशी गेली की मी उठले नाही, तिने मला उठवले. लगेच ताल चुकला आणि पुन्हा आपटले. दुसऱ्या वर्गात हे पाऊण वर्तुळभर टिकले.

खोगीर माळ्यावरून खाली काढून पुसून ठेवले आहे. त्यावर बसणार नाही. एक शंका उरली आहे. बाहेरचा खांदा पुढे जाताना पाहण्यासाठी मी खाली वाकते आणि तेवढ्यात तोल जातो. न पाहता तो कसा ओळखायचा?

जुना बारगीर

ताई, खाली वाकू नका. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते, ते पुढे गेले की पाठोपाठ खांदे आणि कंबर जाते. नजर घोडीच्या दोन कानांच्या मधून वर्तुळाच्या पुढच्या भागावर ठेवा आणि खांदा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसू द्या. पुढच्या रविवारी आणखी एक करून पाहा: घोडी नुसती चालत असताना डोळे मिटा, तिचा बाहेरचा खांदा पुढे गेला असे वाटेल तेव्हा "आता" म्हणा, आणि ते बरोबर की चूक, हे शिक्षकांना सांगायला लावा. ती लंजवर असल्यामुळे यात धोका नाही. दहापैकी आठ वेळा बरोबर येऊ लागले की दुडकीवर तोच प्रयोग डोळे उघडे ठेवून करा.